बी.कॉम.नंतर मेडिकल स्कूल: कम्युनिटी कॉलेजच्या वाटेने गेलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण कॅलिफोर्नियात बे एरियामध्ये राहणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, विद्यार्थ्यांना विषय आणि ट्रान्सफर (तिथून पुढे विद्यापीठात जाणं) याबद्दल सल्ला देण्याचं काम करते. ती माझ्या कॉलेजची नव्हती, महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीतून माझ्याकडे आली आणि पुढची सात-आठ वर्षं येत राहिली.

लिहायचं कारण असं, की गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी बाजूला घेऊन हमखास विचारतं: "बारावी सायन्स झालंय, मग लाइन बदलली. आता इथे डॉक्टर होता येईल का हो?" होता येतं. पण आपल्याकडच्या परीक्षापद्धतीत वाढलेल्या माणसाच्या काही सवयी इथे फार महाग पडतात, आणि त्या कुठे पडतात हे या प्रकरणात चांगलं दिसतं.

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडील साखर कारखान्यात कारकून. २००३ साली बारावी सायन्स झाली, गुण चांगले होते, पण सीईटीत सरकारी एमबीबीएसची जागा थोडक्यात हुकली. खासगी कॉलेज परवडणारं नव्हतं, रिपीट करायला घरचे तयार नव्हते, बीएचएमएस तिला नको होतं. मामांनी सुचवलं म्हणून बी.कॉम. केलं. २००६ मध्ये पदवी, मग एका पतसंस्थेत नोकरी, २०१० मध्ये लग्न आणि २०११ मध्ये एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिका. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. मुलगी २०१२ ची, मुलगा २०१५ चा.

एच-४ वर शिकता येतं, पण नोकरी करता येत नसे. मे २०१५ मध्ये नियम बदलला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा टप्पा मंजूर असेल, तर बायकोला वर्क परमिट मिळू लागलं. तिला ते २०१६ मध्ये मिळालं आणि बी.कॉम.च्या जोरावर एका क्लिनिकात बिलिंगचं काम लागलं.

मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली खरी कलाटणी ही नोकरी. बिलिंग म्हणजे नुसता हिशेब नाही. डॉक्टरने लिहिलेली नोंद वाचायची, तिला योग्य कोड लावायचा, विमा कंपनीने दावा नाकारला तर का नाकारला ते शोधायचं, महागड्या तपासणीसाठी आधीच मंजुरी मिळवायची. नोंदी नीट समजाव्यात म्हणून ती वाचायला लागली, आणि वाचता वाचता बारावीची जीवशास्त्राची गोडी परत आली. मधुमेहाचा एखादा पेशंट तीन महिने फिरकला नाही की तो का आला नसेल, याचा अंदाज तिला आधी यायचा, कारण त्याच्या विम्याचं वजावटीचं खातं, म्हणजे विमा लागू होण्याआधी त्याने खिशातून किती भरायचं बाकी आहे, ते तिच्यासमोर असायचं. क्लिनिकमधल्या डॉक्टर बाईंनी एकदा सहज म्हटलं, "तू शिकत का नाहीस?" तेव्हा ती ३२ वर्षांची होती.

अडचण

अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय प्रवेश जवळजवळ नाहीच. आधी चार वर्षांची पदवी, विषय कुठलाही चालतो. पण जीवशास्त्र, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री हे विषय प्रयोगांसकट झालेले हवेत. मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग अर्ज, निबंध, मुलाखती. प्रवेश मिळाला तर चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यापुढे किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण. नवऱ्याने एक्सेलमध्ये मांडून पाहिलं: सगळं सुरळीत झालं तरी स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करायला पंचेचाळिशी उजाडणार.

वयाची तिला फारशी चिंता नव्हती. अडचणी तीन होत्या आणि तिन्ही कागदावरच्या. व्हिसा: अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच घेतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्जही त्यांनाच मिळतं. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या भारतीयांसाठीच्या ईबी-२ रांगेत त्यांचा नंबर २०१३ चा, म्हणजे कार्ड कधी येईल सांगता येत नव्हतं. दुसरी अडचण भारतीय पदवीची. ती धरायची की नाही, आणि धरली तर फायदा की तोटा, हे कुणी एका वाक्यात सांगत नव्हतं. तिसरी होती इथल्या ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे आयुष्यभराच्या गुणपत्रकाची. ती तिला वर्षभराने कळली, म्हणून तिच्याकडे नंतर येते.

कोणते पर्याय होते

भारतात परत जाऊन प्रयत्न करणं मुलं आणि नवऱ्याची नोकरी पाहता पहिल्याच आठवड्यात बाद झालं. कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूलची जाहिरात तिच्या बहिणीने पाठवली होती. तिथेही आधीचे विज्ञान विषय लागतातच, फी भरमसाट, आणि शेवटी अमेरिकेत रेसिडेन्सी मिळेल याची शाश्वती कमी. तोही सोडला.

नर्सिंगचा विचार मात्र काही महिने चालला, आणि तो व्हायलाच हवा होता. कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, होता येतं, कॅलिफोर्नियात नर्सचा पगार उत्तम आहे, पंचेचाळिशीपर्यंत थांबावं लागत नाही. आपल्या लोकांमध्ये "नर्सच होणार का?" अशा सुरात बोललं जातं, ते मला अजिबात पटत नाही. तिने एका ओळखीच्या नर्सबरोबर सविस्तर बोलून पाहिलं, काम समजून घेतलं आणि मग ठरवलं की तिला ओढ निदानाची आहे. नर्सिंगला नाही म्हणायला हे कारण मला पुरेसं वाटलं. फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरच्या जोडीने तपासणी-उपचार करणाऱ्याचा, रस्ताही पाहिला. पण त्यालाही पदवी आणि जवळपास तेच विज्ञान विषय लागतात, त्यामुळे पहिली दोन वर्षं दोन्ही वाटा एकच होत्या. निर्णय पुढे ढकलता आला, ही सोय मोठी.

सुरुवात कुठे करायची हा प्रश्न पैशाने सोडवला. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, प्रवेशाला गुणांची अट नाही, आणि राज्याच्या रहिवाशाला फी युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर. पाच युनिटचा केमिस्ट्रीचा कोर्स २३० डॉलरला पडतो, पुस्तकं वेगळी. एच-४ वाल्यांनाही वर्षभराच्या वास्तव्यानंतर रहिवासी धरलं जातं, हे तिला माहीत नव्हतं. अर्जात तिने स्वतःला परदेशी विद्यार्थी दाखवलं असतं तर कितीतरी पट फी भरत बसली असती.

"कम्युनिटी कॉलेजला मेडिकल स्कूल नाक मुरडतात" असं तिला अनेकांनी सांगितलं. यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. २०१२ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पाहणीत चौथ्या हिश्शाहून जास्त विद्यार्थी कधी ना कधी कम्युनिटी कॉलेजात शिकलेले निघाले. मात्र सगळे विज्ञान विषय तिथेच उरकून थांबणाऱ्याकडे काही ठिकाणी शंकेने पाहतात. वरच्या वर्गाचे विषय विद्यापीठात करून तिथेही ए मिळवून दाखवला, की ती शंका बरीचशी मावळते.

पहिलं वर्ष

२०१७ च्या फॉल सत्रात (ऑगस्ट ते डिसेंबर) ती दाखल झाली. तेव्हा गणितासाठी प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागे. बारावीला गणित नव्हतं, टेस्ट तयारीशिवाय दिली, आणि तिची रवानगी इंटरमीडिएट अल्जेब्रात झाली. केमिस्ट्रीला पुढचं गणित लागत असल्याने एक पूर्ण सत्र त्यात गेलं. एबी ७०५ कायद्यामुळे २०१९ पासून ही अडवणूक बरीच कमी झाली, तिला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. बाकी वर्ष सुरळीत पार पडलं.

निर्णयाचा पहिला क्षण: सी की डब्ल्यू

२०१८ च्या फॉलमध्ये तिने जनरल केमिस्ट्री आणि बायॉलॉजी एकत्र घेतलं. क्लिनिकचं काम आठवड्याला तीस तास. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी येणार होत्या, त्यांच्या भरवशावर हे सत्र आखलेलं. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि येणं रद्द झालं. ऑक्टोबरअखेर केमिस्ट्रीत तिची सरासरी सी आणि डी च्या काठावर होती.

ती मला विचारायला आली तेव्हा तिच्या मनात उत्तर तयार होतं: कसंबसं पास व्हायचं, पुढे बघू. कॉलेजच्या समुपदेशकानेही "सी म्हणजे पास, सोडू नका" असंच सांगितलं होतं. बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी हा सल्ला बरोबरच असतो.

पण भारतातल्या विद्यापीठात एटीकेटी लागली तर पेपर परत देता येतो, सुटला की सुटला, शेवटी पदवीचा वर्ग महत्त्वाचा. इथलं ट्रान्सक्रिप्ट काही विसरत नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात तेव्हा सी मिळाला तर तो कोर्स सहसा परत घेता येत नसे, म्हणजे तो सी कायमचा. डी किंवा एफ मिळाला तर परत घेता येतो आणि कॉलेज आपल्या सरासरीतून जुनी श्रेणी काढूनही टाकतं. मात्र मेडिकल स्कूलचा एमडीचा (इथे ही पहिलीच वैद्यकीय पदवी) सामाईक अर्ज, ज्याला एएमसीएएस म्हणतात, तो दोन्ही प्रयत्न धरतो. एकेकाळी ऑस्टिओपॅथिक स्कूलच्या (डीओ ही इथली दुसरी वैद्यकीय पदवी देणाऱ्या) अर्जात जुनी श्रेणी पुसली जायची, तीही सोय २०१७ मध्ये संपली. राहिला डब्ल्यू, म्हणजे सत्राचा सुमारे पाऊण भाग संपण्याआधी कोर्स सोडल्याची नोंद. ती सरासरीत धरत नाहीत. पण एका कोर्सला नाव घालण्याच्या तेव्हा तीनच संधी असत आणि डब्ल्यूने त्यातली एक खर्च होई.

मुदतीला नऊ दिवस होते. पर्याय तिने वहीत उभे आडवे मांडले. नेटाने अभ्यास करून बी मिळेल का? गणित सांगत होतं की अंतिम परीक्षेत ९५ च्या पुढे गेली तरच. सी घेतला तर विज्ञानाच्या सरासरीला पहिल्याच मुख्य विषयात खड्डा, आणि ऑरगॅनिकचा पाया कच्चा. डी घेऊन परत करणं सगळ्यात वाईट. तिने डब्ल्यू घेतला, बायॉलॉजी ठेवलं आणि त्यात ए आणला. २०१९ च्या स्प्रिंगला कामाचे तास वीसवर आणले, एकटी केमिस्ट्री घेतली आणि त्यातही ए मिळाला.

घरी हे पचलं नाही. सासऱ्यांनी फोनवर "मधेच सोडलं?" असं विचारलं, आणि माहेरी तर तिने सांगितलंच नाही. मला मात्र आजही वाटतं की तिच्या सगळ्या निर्णयांत हाच सर्वांत मोलाचा होता. पुढे एका मुलाखतीत त्या डब्ल्यूबद्दल विचारलं गेलं. दोन वाक्यांत उत्तर देता आलं आणि विषय संपला. सी बद्दल असं दोन वाक्यांत सुटता आलं नसतं.

निर्णयाचा दुसरा क्षण: पदवी आहे की नाही

२०१९ च्या उन्हाळ्यात ट्रान्सफरची तयारी सुरू झाली. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या सरकारी विद्यापीठाच्या, नऊपैकी सहा कॅम्पसांवर, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझला, कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला अटी पूर्ण केल्यास हमीचा प्रवेश मिळतो. त्याला टॅग म्हणतात. तिचे गुण त्या अटींत बसत होते, आणि दोन वर्षं तिने याच हमीवर सगळं आखलं होतं.

अर्ज भरायला घेतला तेव्हा अट दिसली: आधीच पदवी असलेल्याला टॅग लागू नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे सार्वजनिक विद्यापीठं दुसरी पदवी घेणाऱ्याला सहसा घेतच नाहीत, जागा पहिल्या पदवीवाल्यांसाठी राखतात. तेरा वर्षांपूर्वीचं सांगलीचं बी.कॉम. असं आडवं आलं.

एका ओळखीच्या गृहस्थांनी सुचवलं, "भारतातलं दाखवूच नकोस, कोण विचारतंय?" हे मी कुणालाही सांगणार नाही. यूसीच्या अर्जात आधीचं सगळं शिक्षण जाहीर करावं लागतं, आणि लपवलेलं उघड झालं तर प्रवेश रद्द होतो. वैद्यकीय क्षेत्रात तर ती गोष्ट पुढे लायसन्सपर्यंत पाठलाग करते.

मग उरले तीन रस्ते. पहिला, बी.कॉम.ला पदवी मानून पोस्ट-बॅक करायचं, म्हणजे पदवीधरांसाठीचा मेडिकलपूर्व विज्ञान अभ्यासक्रम. सॅन फ्रान्सिस्को स्टेट, कॅल स्टेट ईस्ट बे आणि बर्कलीच्या एक्स्टेन्शनमध्ये तेव्हा असे कार्यक्रम होते. वेळ कमी लागतो. धोका असा की बऱ्याच मेडिकल स्कूलना अमेरिकन पदवी किंवा निदान ९० सेमिस्टर क्रेडिट अमेरिकेत झालेली हवी असतात, आणि परदेशी गुण एएमसीएएसच्या सरासरीत येत नाहीत. तिच्या खात्यात तेव्हा पन्नासच्या आसपास क्रेडिट होती. दुसरा रस्ता, कम्युनिटी कॉलेजातच क्रेडिट वाढवत राहायचं. पण तिथे वरच्या वर्गाचे विषयच नसतात. तिसरा, यूसीत पहिल्या पदवीसाठीच अर्ज करता येतो का हे तपासायचं.

तिसरा शक्य झाला तो बी.कॉम. तीन वर्षांचं असल्यामुळे. भारतीय तीन वर्षांच्या पदवीबद्दल इथे एकमत नाही. मूल्यमापन करणाऱ्या काही संस्था तिला पूर्ण पदवी मानतात, काही फक्त तीन वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण. तिने तीन कॅम्पसांना ईमेल करून, गुणपत्रकं जोडून, सरळ विचारलं. एकाने नाही म्हटलं. एकाने उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने लिहून दिलं की तुम्ही ट्रान्सफर म्हणून अर्ज करू शकता, हमीचा प्रवेश मात्र मिळणार नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने तिथे अर्ज केला आणि वसंतात प्रवेश आला. ते उत्तर तिने छापून फाइलला लावलं. पुढे नोंदणीच्या वेळी एका कर्मचाऱ्याने पुन्हा शंका काढली तेव्हा तोच कागद कामी आला.

मी असते तर पोस्ट-बॅक निवडलं असतं. तिने पूर्ण पदवी निवडली, कारण तिच्या शब्दांत, "ताई, मला परत कुणापुढे हे सिद्ध करत बसायचं नाही." यूसीची वर्षाची फी चौदा हजार डॉलरच्या आसपास आणि एच-४ वर सरकारी मदत शून्य. नवऱ्याचे सगळे बोनस दोन वर्षं तिकडे गेले. त्याला त्याच सुमारास टेक्सासमध्ये बढतीची नोकरी मिळत होती. कॅलिफोर्निया सोडलं असतं तर तिला सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागली असती, म्हणून त्याने ती नाकारली. अशा प्रकरणांत हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही.

महामारी आणि पदवी

मार्च २०२० मध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पहिलं सत्र अर्ध्यावर असताना सगळं ऑनलाइन गेलं. कॉलेजने पास-नापास श्रेणीची मुभा दिली. वर्गातल्या अनेकांनी ती घेतली, तिने ए-बी-सी ठेवली आणि ए मिळवला. त्या वर्षीचा पास मेडिकल स्कूल समजून घेतील असं जाहीर होत होतं, पण मधे डब्ल्यू असलेल्या विद्यार्थिनीला श्रेणी दाखवणं जास्त गरजेचं होतं.

२०२०-२१ चं यूसीचं पहिलं वर्ष जवळपास पूर्ण घरून झालं. मुलं झूमवर, आई झूमवर. कॅम्पस घरापासून लांब होता, रोजच्या प्रवासात ती पहिल्याच वर्षी मोडली असती. या बाबतीत नशीब तिच्या बाजूने होतं, हे तीही मानते. दुसऱ्या वर्षी प्रवास करावा लागला, पण तोवर घडी बसली होती. जून २०२२ मध्ये ह्यूमन बायॉलॉजीत पदवी, सरासरी ३.८ च्या थोडी वर.

निर्णयाचा तिसरा क्षण: आत्ता की पुढच्या वर्षी

एएमसीएएसचा अर्ज मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला पाठवता येतो आणि मेडिकल स्कूल मुलाखती जसजशा अर्ज येतील तसतशा देत जातात. सप्टेंबरमध्ये अर्ज पूर्ण करणारा उरलेल्या जागांसाठी उभा असतो. जून २०२२ मध्ये तिच्याकडे पदवी होती, ग्रीन कार्ड नव्हतं, एमकॅट झालेली नव्हती. वय ३७. "आणखी एक वर्ष?" हा प्रश्न घरात रोज निघायचा.

तिने अर्ज थांबवला, पण एमकॅट ऑगस्टमध्ये देऊन टाकली, आणि ती घाई नडली. परीक्षेचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर असतात, चार विभाग, प्रत्येकी ११८ ते १३२. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी त्या सुमारास ५११ ते ५१२ होती. तिला ५०२ मिळाले: जीवशास्त्र आणि मानसशास्त्रात ठीक, पण कार्स या वाचनाच्या विभागात १२३. त्यात विज्ञानाचा संबंध नसलेले उतारे येतात, कला, तत्त्वज्ञान, राज्यव्यवहार, आणि लेखकाला काय म्हणायचंय हे ओळखायचं असतं. मराठी माध्यमातून आलेल्यांचं इथे हमखास अडतं. तो विभाग पाठांतराने वाढत नाही. तिने रोज सकाळी मुलं उठायच्या आत दोन उतारे, असं सहा महिने केलं. एप्रिल २०२३ मध्ये ५११ आले, कार्स १२६.

दरम्यान ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रीन कार्ड आलं. त्या उन्हाळ्यात ईबी-२ ची भारतीय तारीख, म्हणजे जिच्या आधीच्या नंबरांना कार्ड मिळतं ती, डिसेंबर २०१४ पर्यंत पुढे गेली होती. ऑक्टोबरमध्ये ती परत एप्रिल २०१२ वर आली. दोन महिने उशीर झाला असता तर त्यांचा २०१३ चा नंबर पुन्हा रांगेत अडकला असता. त्यावर कुठलंही नियोजन चालत नाही.

अर्ज

एएमसीएएसचा मुख्य निबंध ५,३०० अक्षरांत बसवायचा असतो. पहिल्या मसुद्यात लहानपणापासूनचं स्वप्न, हुकलेली सीईटी, वडिलांचे कष्ट असं सगळं होतं. मी तो परत केला. सीईटीचं दुःख खरं होतं, पण वाचणाऱ्याला ते वीस वर्षांपूर्वीचं आणि दुसऱ्या देशातलं. दुसऱ्या मसुद्यात तिने बिलिंगची खिडकी लिहिली: इन्सुलिनचा डोस निम्मा करून महिना काढणारा पेशंट तिला आधी आकड्यांत दिसला आणि मग माणूस म्हणून. असं इतर कुणी लिहू शकणार नव्हतं.

शिफारसपत्रांपैकी एक कम्युनिटी कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांचं होतं, जिथे डब्ल्यू घेतला होता तेच. एका मोफत दवाखान्यात ती तीन वर्षं स्वयंसेवक होती. १७ एमडी आणि ७ ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ, स्कूलला अर्ज गेले. प्रत्येक स्कूलच्या वेगळ्या निबंधांची फी धरून खर्च चार हजार डॉलरच्या घरात.

डीओ या दोन अक्षरांवरून घरात वादळ झालं. सासूबाईंना वाटलं हे होमिओपॅथीसारखं काहीतरी आहे, आणि जे नको म्हणून बीएचएमएस नाकारलं तेच हजारो किलोमीटरवर जाऊन करणार का? अमेरिकेत डीओ डॉक्टरला औषधं, शस्त्रक्रिया सगळ्याचा पूर्ण परवाना असतो, आणि २०२० पासून एमडी आणि डीओची रेसिडेन्सी एकाच मान्यता व्यवस्थेखाली आहे. नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर त्यांना त्यांच्याच भाचीच्या न्यू जर्सीतल्या डॉक्टरचा नावफलक दाखवला. डीओ. त्यानंतर विषय बंद झाला.

निकाल

पाच मुलाखती झाल्या, दोन एमडी, तीन डीओ. एका एमडी स्कूलने नाही म्हटलं, एकाने प्रतीक्षायादीत ठेवलं आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवलं. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच एका डीओ स्कूलने प्रवेश दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये, ३९ व्या वर्षी, ती दाखल झाली. कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या वर्गाला तेव्हा सात वर्षं झाली होती.

काय वेगळं करता आलं असतं

ऑगस्टची एमकॅट द्यायला नको होती. सगळ्या प्रयत्नांचे गुण मेडिकल स्कूलना दिसतात. सराव परीक्षेत हवे ते गुण सातत्याने येईपर्यंत नाव घालू नये, एवढा साधा निकष तिने लावला असता तर ५०२ कागदावर राहिले नसते. अर्ज पुढच्या वर्षी जाणार हे ठरल्यावर घाईचं कारणच उरलं नव्हतं.

पदवीचा प्रश्न पहिल्या वर्षीच विचारायला हवा होता. परदेशी पदवी असलेल्या प्रत्येकाला मी आता पहिल्या भेटीत तेच सांगते: ट्रान्सफर की पोस्ट-बॅक, हे आधी लेखी ठरवून घ्या, मग विषय निवडा. तिला दोन वर्षं चुकीच्या हमीवर काढावी लागली.

पोस्ट-बॅक घेतलं असतं तर वर्ष वाचलं असतं का, यावर आमचं अजून एकमत नाही. माझ्या मते वाचलं असतं, आणि वीस हजार डॉलरही. तिचं म्हणणं, ग्रीन कार्ड २०२२ शिवाय येणारच नव्हतं, मग आधी तयार होऊन करायचं काय होतं? हे उत्तर मला खोडता येत नाही.

आज सुरुवात करणाऱ्यासाठी दोन गोष्टी बदलल्या आहेत. कम्युनिटी कॉलेजमधूनच मेडिकलकडे जाणाऱ्यांना हाताशी धरणारा कॅलिफोर्निया मेडिसिन स्कॉलर्स प्रोग्राम आता आहे. तिच्या वेळी असं काही नव्हतं. दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती वाईट आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होतं, आणि मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलर राहते. खासगी डीओ स्कूलचा फी आणि राहण्याचा खर्च त्यापुढे सहज जातो. तिने आधीच कर्ज घेतलेलं असल्याने तिला काही काळ जुने नियम लागू राहतील. २०२६ नंतर जाणाऱ्याने शाळांची यादी करताना फीचा रकाना पहिला ठेवावा.

तिच्यापुढचा पुढचा निर्णय रेसिडेन्सीचा आहे. तिला फॅमिली मेडिसिन हवं आहे, शक्यतो कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत, जिथे पंजाबी आणि स्पॅनिश बोलणारे पेशंट भरपूर आणि डॉक्टर कमी आहेत. स्पॅनिश शिकायला तिने घेतलं आहे. रेसिडेन्सीची जागा मॅचमधून, म्हणजे दोन्हीकडच्या पसंतीक्रमांच्या देशव्यापी जुळवणीतून, ठरते, म्हणजे मार्च २०२८ मध्ये कळेल ती कुठल्या राज्यात असेल, आणि मुलीचं हायस्कूल २०३० मध्ये संपतं. टेक्सासची नोकरी नाकारणाऱ्या नवऱ्याने या वेळी स्पष्ट सांगितलं आहे की मुलीची शेवटची दोन वर्षं तो शाळा बदलणार नाही. फक्त कॅलिफोर्नियातल्या जागांची यादी दिली तर मॅच न होण्याचा धोका वाढतो, बाहेरची दिली तर दोन घरं चालवावी लागतील. अजून काही ठरलेलं नाही.